उजवीकडचा एक सेंटिमीटर

शाळेच्या वार्षिक अंकाचं काम माझ्याकडे आलं, कारण चित्रकलेचे सर नोकरी सोडून गेले. मी जीवशास्त्र शिकवते. फळ्यावर पेशींच्या आकृत्या बऱ्या काढते, एवढ्या भांडवलावर मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मुखपृष्ठाची स्पर्धा माझ्या गळ्यात घातली.

सूचना मीच लिहिली. रुंदी एकवीस सेंटिमीटर, उंची अठ्ठावीस, माप चुकलेली चित्रं बाद. गणिताच्या सरांनी ती फलकावर वाचली आणि शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाले, "बाई, मुलांकडून चित्र मागवलंय की कपाटाचं दार?"

"छापखान्यानं दिलेलं माप आहे, सर."

"असू दे, असू दे. आणि मलपृष्ठाचं काय? वर्गात तो शब्द जपून उच्चारा. मागच्या वर्षी माझा अख्खा तास हसण्यात गेला."

एकेचाळीस चित्रं आली. सव्वीस चित्रांत उघडं पुस्तक होतं आणि त्यांतल्या नऊ पुस्तकांना पंख होते. एकच चित्र वेगळं होतं. ते आठवीतल्या एका मुलीचं. तिला सगळा वर्ग 'रेघोटी' म्हणायचा, कारण हातात पेन्सिल असली की ती बाकावर, वहीच्या समासात, स्वतःच्या मनगटावर काही ना काही ओढत बसायची. माझ्या विषयाच्या प्रयोगवहीत तिनं पेशीची आकृती काढली, तेव्हा शेजारी सूक्ष्मदर्शकात डोकावणारं माझं डोकंही काढलं होतं, मागून, सुटत आलेल्या अंबाड्यासकट. मी त्याला 'अनावश्यक' असा शेरा दिला होता.

तिच्या चित्रात वर्गाच्या खिडकीतून दिसणारी शाळा होती. डावीकडे सायकलींची रांग, त्यातली एक आडवी पडलेली. मधे रिकामं मैदान आणि गळका नळ. उजवीकडे फाटक, आणि फाटकाच्या खांबापलीकडे बोटभर रस्ता. माणूस एकही नाही. शाळा सुटायच्या आधीची पाच मिनिटं असावीत असा उजेड होता. त्या चित्राकडे बघताना मला घंटेची वाट पाहिल्यासारखं वाटलं.

मी माप घेतलं. रुंदी बावीस भरली.

नियम माझाच होता, आणि मोठ्या बाई नियमाला पक्क्या. चित्र बाद झालं असतं. मी कडा तपासल्या. डावीकडे सायकली थेट कडेला भिडल्या होत्या, तिथे पातं लावणं शक्य नव्हतं. उजव्या कडेला निळे दोन-तीन उभे फटकारे होते आणि त्यांवर एक पिवळी बारीक रेघ. मुलं रंग जमलाय का ते बघायला कागदाच्या कडेला ब्रश टेकवून पाहतात. बाकीच्या चाळीस चित्रांपैकी निदान दहांच्या कडेला तसे डाग मी पाहिले होते. म्हणून मी स्टीलची पट्टी ठेवली, खोडाचे पातळ छेद घ्यायचं पातं घेतलं, आणि एका ओढीत एक सेंटिमीटर कापलं. कापलेला तुकडा केराच्या टोपलीत टाकला. चित्र मापात बसलं. आपण पोरीचं भलं केलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

तिन्ही परीक्षकांनी तेच चित्र निवडलं. निकाल लागला त्या दिवशी ती गैरहजर होती. ताप होता. तिच्या मैत्रिणीनं घरी जाऊन तिला बातमी सांगितली. त्यानंतर नवव्या दिवशी, त्याच तापात, रेघोटी गेली.

अंक छापून आला तोवर वार्षिक परीक्षा संपून शाळेला सुट्टी लागली होती. तिची आई शाळेमागच्या गल्लीत राहत्या एका खोलीतच शिलाईचं काम करते. मी निरोप पाठवला, तशी ती दुपारी आली. गळ्यात मापाचा टेप तसाच होता. काम अर्धं टाकून आली असावी.

मी अंक तिच्या हातात दिला. मुलीच्या चित्राकडे आई जशी बघेल तशी ती बघणार, रडणार, असं मी धरून चालले होते. ती रडली नाही. तिनं अंक खिडकीशी नेला आणि तर्जनी डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली, सुटलेला टाका शोधावा तशी. मग उलटा करून मागची बाजूही बघितली.

"मी कुठे आहे, बाई?"

"म्हणजे?"

"तापात होती तेव्हा म्हणाली, आई, मुखपृष्ठावर तू पण आहेस. मी म्हटलं, कुठे गं? तर म्हणाली, आत्ता नाही सांगणार, छापून आलं की शोध." तिनं पुन्हा बोट फिरवलं. "माझी नजर अजून चांगली आहे. सुईत दोरा मीच ओवते. पण सापडत नाही."

मला ती पिवळी रेघ आठवली. समोर तिच्या गळ्यात ती लोंबत होती.

"मी कापलं," मी म्हटलं. "चित्र मापापेक्षा मोठं होतं. बाद होऊ नये म्हणून उजवी कड मी कापली. तिथे तुम्ही होतात. मला वाटलं, ब्रश पुसलाय."

"किती कापलं?"

"एक सेंटिमीटर."

तिनं टेपचं टोक धरलं, एकच्या आकड्यावर अंगठ्याचं नख ठेवलं, आणि तेवढ्याशा तुकड्याकडे बघत राहिली.

"एवढ्यात मी मावले?"

मी मान डोलावली.

"तो तुकडा?"

"टोपलीत टाकला होता. दोन महिने झाले त्याला."

"माया ठेवायला हवी होती तिनं," ती टेपकडे बघतच म्हणाली. शिवणीत जाणारं जे जादा कापड कडेला सोडतात, त्याला शिलाईवाले माया म्हणतात. "शंभरदा सांगितलं असेल, कडेपर्यंत काही आणू नये, कडेचं पहिलं जातं, माया सोडावी. शिवणारणीची पोर, पण ऐकेल तर शपथ."

"चूक तिची नाही. माझी आहे."

"हो," ती म्हणाली. "कात्री तुमचीच."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तिनं विचारलं, "फाटकाच्या आत होते, की बाहेर?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"मी रोज तिला न्यायला यायचे. आत येऊन उभी राहायचे, त्या नळापाशी. टेप गळ्यात विसरून. पोरं चिडवायची तिला, तुझी आई मापं घ्यायला आली म्हणून. एक दिवस घरी आल्यावर फाडकन बोलली. आत येऊ नकोस. येऊच नकोस तू. मला रस्ता माहीत आहे." तिनं टेपचं टोक सोडलं. "त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललोच नाही. तिनं मला आत काढलं असेल, तर…"

'आत' असं म्हणणं मला अवघड नव्हतं. तुकडा नव्हता, पडताळायला कोणी येणार नव्हतं. पण जे मी पाहिलं नव्हतं, ते पाहिलं असं धरून मी एकदा तो कागद कापला होता.

"शोधता येईल," मी म्हटलं. "तुम्ही खाली मैदानात थांबा."

रेघोटी शेवटच्या बाकावर, खिडकीला लागून बसायची. मी तिथे बसले. ती माझ्याहून वीतभर बुटकी होती, म्हणून तेवढी खाली सरकले. अंक हात लांब करून धरला आणि मागेपुढे करत राहिले. एका अंतरावर सगळं जुळलं. सायकलींच्या छपराचा खांब खांबावर आला, नळ नळावर, फाटकाचा खांब फाटकावर. म्हणजे तिनं मनानं काही काढलं नव्हतं. दिसलं तेच काढलं होतं.

खाली तिची आई नळापाशी उभी होती. ती जागा अंकावर छापलेली होती, आणि रिकामी होती. मी हातानं खूण केली. ती फाटकात आली. तेही छापलेलं होतं, रिकामं. मी आणखी खूण केली. ती फाटकाबाहेर, खांबाला लागून उभी राहिली. तो बोटभर रस्ताही अंकावर होताच. अंकाची कड आणि खिडकीची चौकट यांच्यामधे एक अरुंद फट उरली होती. पलीकडच्या फुटपाथाची, एका बंद दुकानाच्या खांबाची. तिला तिथे कसं पाठवावं, हे मला कळेना. मी हात खाली घेतला.

ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग आपणहून रस्ता ओलांडला आणि त्या खांबाआड जाऊन थांबली, अर्धी दिसेल अशी.

फटीत ती बरोबर मावली.

मी जिना उतरून तिच्यापाशी गेले. "बाहेर," मी म्हटलं. "इथे. तुम्ही उभ्या आहात तिथेच."

"मी येतच होते, बाई. नको म्हणाली तरी. इथे उभी राहायचे. ती फाटकाबाहेर पडली की मागच्या गल्लीनं धावत घर गाठायचं आणि मशीनवर बसायचं. दिवसभर जागची हलले नाही, असं दाखवायचं." तिनं वर खिडकीकडे पाहिलं. "तिथून दिसते मी?"

"स्पष्ट दिसता."

"म्हणजे तिला माहीत होतं." तिनं खांबाला हात टेकला. "घरी आली की विचारायची, आई, आज काय केलंस? मी म्हणायचे, काय करणार, शिवत बसले. ती म्हणायची, बरं."

रस्त्यावर कोणी नव्हतं. ती म्हणाली, "इथून घर सहा मिनिटं. मला लपायचं काही कारणच नव्हतं. तिलाही माहीत, मलाही माहीत. एकत्र चालत गेलो असतो की."

मी तिच्या दंडाला हात लावला. तिनं तो झटकला नाही, धरलाही नाही.

"तुम्ही जा, बाई," ती म्हणाली. "मी थांबते जरा."

मी रस्ता ओलांडून फाटकाशी आले आणि मागे वळून पाहिलं. ती फाटकाकडे तोंड करून उभी होती. शाळेला सुट्टी होती, आतून कोणी येणार नव्हतं. ते तिला सांगायची गरज नव्हती. मी फाटक लावून घेतलं नाही.