साठच्या खाली

९४ टक्के

पूर शनिवारी आला. पाणी सोमवारी उपसलं. मग दोन वीत गाळ. गाळ काढल्यावर तळघराच्या भिंतींवर छातीइतकी उंच एक रेघ राहिली, आणि चौथ्या दिवशी त्या रेघेखाली केस उगवले. राखाडी, मऊ. हात फिरवावासा वाटेल असे.

मी खिळ्याला ओल मोजायचं यंत्र टांगलं. तळहाताएवढं, पांढरं. आकडा साठच्या खाली गेला की बुरशीला जगणं जड जातं म्हणतात. तोवर काम करायचं, असं ठरवलं. शहरात, सदर भागात, माझी विमा कंपनीत नोकरी आहे. म्हणून सकाळी दोन तास तळघर, संध्याकाळी दोन तास.

बाबांनी खाली उतरायचं नाही.

हा नियम माझा नव्हता. कोरोनातून उठल्यावर बाबांचा उजवा डोळा काळ्या बुरशीनं नेला. डोळा, आणि त्याच बाजूचा वरच्या जबड्याचा तुकडा. साखर अजूनही अडीचशेच्या खाली उतरत नाही. तेव्हा ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, रूपरावांना त्या दाराशीही उभं करू नका. पुन्हा झालं तर मी काय काढू?

९३ टक्के

तळघराच्या दारावर पुठ्ठा लावला.

आधी साबणाचं पाणी. बुरशी भिजवायची, मग पुसायची. झाडू नाही. कोरडं घासायचं नाही. वारा नाही. ओली बुरशी भिंतीला धरून असते, वाळली की उडते.
गाद्या, पुठ्ठे, प्लायवूड: दोन पिशव्यांत, गाठ मारून, बाहेर.
मास्क.
शेवटी चुना. त्याआधी नाही.
बाबा

पुढचं लिहिता आलं नाही. तसंच ठेवलं.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "माहं नाव अर्ध्यातच काहून सोडलं वं?"

"समजलं नं तुम्हाले?"

"एका डोळ्यानं अर्धंच दिसते मले."

आई हसली. मी नाही.

८९

दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी आमच्या गावची माणसं, काटोलकडची, याच तळघरात उतरतात. चाळीस-पंचेचाळीस. तीन रात्री. आजोबा छप्पन साली आले तेव्हा रस्त्याच्या कडेला झोपले होते. म्हणून बाबांनी घर बांधताना आधी तळघर खणलं, वरचं घर नंतर. नदीपासून दोन गल्ल्यांवर. लोक म्हणाले, इथं खणू नको गा रूपराव. बाबा म्हणाले, माणसं कुठं झोपतीन मग?

दसऱ्याला एकोणीस दिवस.

८८

भिंतीचा तिसरा भाग पुसून झाला. पुसलेल्या भागावर सकाळी पुन्हा ठिपके. सुईच्या टोकाएवढे.

खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून घेतला. मागची तुंबलेली नाली मोकळी करून घेतली.

७९

७१

६६

मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. रोज आठ-आठनं पडतोय. खिडकीतला पंखा मानायला हवा. आईला सांगितलं तर ती डाळ निवडत राहिली. डाळ आधीच निवडलेली होती, हे मला तेव्हा दिसलं होतं. विचारलं नाही.

६३, दुपार

ऑफिसात फोन आला. गावाहून शालिकराम काका, बाबांचे चुलतभाऊ.

"मयुरा, आम्ही यंदा बावन्न जण हाओत."

"काका, यंदा विहारात सोय पाहता का? खाली अजून—"

"तुह्या बापानं तर आत्ताच सांगतलं, कोरडं ठणठणीत झालं म्हणून. अन् त्याचा आवाज कसा घुमून राहिला होता. मी म्हटलं, विहिरीतून बोलून राहिला का गा तू?"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही.

घरी तळघराच्या जिन्यावरूनच आवाज ऐकू आला. उन्हाळ्यात झोप आणणारा, आमच्या शहरातल्या प्रत्येक घराचा आवाज. तीन कूलर. पावसाळ्यात आम्ही ते तळघरातच ठेवतो, पुरात तेही बुडाले होते. मी ते सगळ्यात शेवटी धुणार होते. आता तिन्ही भिंतींकडे तोंड करून सुरू होते, आणि मधोमध स्टुलावर बाबा. तोंडाला आईचा दुपट्टा, डोक्यापासून गुंडाळलेला, मे महिन्यात बाहेर पडताना बांधतात तसा.

"लू लागून राहिली का बाबा इथं?"

त्यांनी आधी कूलर बंद केले. एकेक करून, शांतपणे.

"पाणी नाही टाकलं वं. पंपाची पिन काढली. कोरडाच चालवून राहिलो. नुसता वारा."

मी एका कूलरची बाजू उघडली. आतली गवताची ताटी पुरात भिजली होती, कुणी बदलली नव्हती. बाहेरून वाळकी, पिवळी. आतून काळी. अंगठ्यानं दाबली तर तिच्यातून धूर निघाला. धूर नव्हता तो.

बाबांनी तो पाहिला. एका डोळ्यानं पुरेसं दिसलं त्यांना.

"किती दिवस?"

"पाच. दुपारी तीन-चार घंटे."

आई जिन्यात उभी होती. "मी सांगतलं होतं त्यायले. दुपट्टा बांधतो म्हणे."

८४

संध्याकाळीच डॉक्टरांकडे नेलं. नाकात दुर्बीण घातली. आज काही दिसत नाही, म्हणाले. 'आज' या शब्दावर त्यांनी जोर दिला नव्हता, तरी तो मला मोठ्यानं ऐकू आला. नाक, दात, गाल यांच्यावर लक्ष ठेवा. मुंग्या, बधिरपणा, काळं काही. एक तासही थांबायचं नाही.

ताट्या भिजवून पिशव्यांत भरून फेकल्या. कूलर अंगणात धुतले. तळघर पुन्हा पहिल्यापासून ओलं केलं, छतासकट. म्हणून आकडा चढला. चढू दे.

रोज सकाळी विचारायचं.

"नाक?"
"बरं हाय."
"दात?"
"जे हायेत ते हायेत."
"गाल?"
"तुह्या मायले विचार, तीच पाह्यते."

७२

६४. चुन्याचा पहिला हात.

५८

दुसरा हात वाळला. भिंती इतक्या पांढऱ्या की दिवा लावायची गरज नाही. वास फक्त चुन्याचा. कपाट परत ठेवलं, भिंतीपासून हातभर लांब, मागून वारा जावा म्हणून.

दसऱ्याला चार दिवस. शालिकराम काकांचा फोन बाबांनी घेतला. "या," म्हणाले. "सगळे या. मांडव घातल्यासारखं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पोहे केले होते. बाबा हळूहळू खात होते. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात एक शितभर पोहा चिकटला होता. तो पुसला जाईल म्हणून मी वाट पाहिली. ते बोलत होते, सतरंज्या किती, प्यायच्या पाण्याचे कॅन किती, म्हाताऱ्यांना जिन्याजवळ झोपवू. पोहा तसाच.

"बाबा, डोळा मिटा."

"कायले?"

"मिटा नं. मी गालाले बोट लावते. लागलं की सांगा."

"पाहुणे येऊन राहिले अन् हिले खेळ सुचते."

"मिटा."

त्यांनी मिटला. चेहरा समोर धरला, न्हाव्यासमोर धरतात तसा. पंखा फिरत होता. आईच्या हातातला झारा कढईच्या काठावर थांबला.

"लाव नं वं," बाबा म्हणाले. "कधीची बसली हायेस?"

माझं बोट त्यांच्या डाव्या, धड बाजूच्या गालावर होतं. मी आणखी दाबलं. कातडी आत गेली, पांढरी झाली.

"मयुरा?"

आईनं गॅस बंद केला. दवाखान्याची फाइल ती माझ्या आधी घेऊन आली. बाबांनी डोळा उघडला, आमच्या दोघींकडे पाहिलं. म्हणाले, "शालिकरामाले सांगजो नको. निघतीन ते उद्या."

"उठा."

"निघू दे त्यायले. जागा कोरडी हाय."