हिरव्या गाडीतला माणूस

रोट्या मागवल्या तर रोट्याच याव्यात. हाज्जा इन्साफने दोरी हातावर हात टाकत वर ओढली, टोपली बाल्कनीच्या कठड्यावर टेकवली आणि बघते तर गरम रोट्यांच्या डोक्यावर मोगऱ्याचा गजरा. ओला, नुकताच ओवलेला.

तिने खाली वाकून पाहिलं. वाणी मान खाली घालून वजनं पुसत बसला होता, म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. गल्लीच्या तोंडाशी ती फिकट हिरवी गाडी वळत होती. जुन्या काळची, पाठीला पोक आलेली, पण चकचकीत.

“ह्या माणसाच्या वागण्याला काही रीत आहे का?” समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या उम्म इमादला ती म्हणाली. “रोज दुपारची असरची नमाज झाली की यायचं. माझ्या बाल्कनीखाली आलं की गाडी मुंगीच्या पावलांनी चालवायची. आज टोपलीत हात घातला. उद्या जिना चढेल.”

“तो काय चढेल. तुझी इब्तिहालच खाली वाकते,” उम्म इमाद तोंडात चिमटा धरून म्हणाली. “राग मानू नकोस हाज्जा. गल्ली बघते, म्हणून सांगितलं.”

हाज्जाने टोपली आत घेतली आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं. करमूझ मोहल्ल्यात तिच्या घराकडे बोट दाखवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. मितवल्ली, तिचा नवरा, ट्रामवर कंडक्टर होता. तो गेल्यावरही तिने घर ताठ मानेने चालवलं. तिला सही येत नव्हती, पण माणसाच्या बुटांवरून त्याचं घर ओळखता येत होतं. लेकीचं मात्र काही समजेना. इब्तिहालची तिशी उलटलेली. शिलाईच्या कारखान्यातून आली की तोंडावर पाणी मारायच्या आधी बाल्कनीत. मागचं स्थळ मोडलं ते एवढ्यावरूनच. ‘मुलीची नजर रस्त्यावर असते,’ असा निरोप आला होता. आता हेही बोलणं गल्लीभर झालं, तर पोरीला कोण करून घेणार?

लेकीला विचारणं तिच्या मानी स्वभावात बसणारं नव्हतं. तिने विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी गाडी आली तशी ती जिना उतरून थेट रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

गाडी थांबली. आतला माणूस टकला होता, चाळिशीचा, आणि घाबरलेला.

“उतरू नका,” हाज्जा म्हणाली. “नाव काय?”

“हिल्मी.”

“घरात कुणी मोठं माणूस आहे?”

“मावशी आहे. तफीदा मावशी. आई मागच्या वर्षी गेली.”

“मग शुक्रवारी मावशीला घेऊन दारातून या. माझ्या घरी टोपलीतून कुणी येत नाही.”

सगळ्या बाल्कन्यांनी ऐकलं. ऐकावं म्हणूनच ती तेवढ्या मोठ्याने बोलली होती.

शुक्रवारी दोघं आले. तफीदा मावशी सोफ्यावर बसली ती सोफा भरूनच. हिल्मी मिठाईचा पुडा मांडीवर धरून खुर्चीच्या कडेला टेकला. हाज्जाने आधी बूट पाहिले. जुने होते, टाच झिजलेली, पण पॉलिश असं की त्यात खिडकी दिसावी. माणूस वाईट नसावा, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

“काम काय करता?”

“वीज कंपनीत आहे. घरोघरी जाऊन मीटर बघतो.”

“म्हणजे भर जेवणाच्या वेळी दार वाजवतात, ते तुम्ही.”

“हो. आणि ‘उद्या या’ ऐकून परत जातात, तेही आम्हीच.”

हाज्जाला हसू येत होतं. तिने ते गिळलं.

“आमचा मुलगा कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात,” मावशी सांगू लागली. “आईच्या आजारपणात ह्याचं वय निघून गेलं. लग्नाचं नाव काढलं की बाहेर पळायचा. पण रोज कुणी वरून टक लावून बघायला लागलं, तर माणूस किती दिवस खाली मान घालून जाईल? मुलीचीच पसंती दिसली, म्हणून आम्ही आलो.”

इब्तिहाल सरबताचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला. पेले किणकिणले.

“मी ह्यांच्याकडे बघत नव्हते,” ती म्हणाली. “गाडीकडे बघत होते.”

हाज्जाने लेकीकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर तिथेच गप्प झाली असती. पण ही मितवल्लीचीही मुलगी होती.

“बाबा होते तेव्हा आम्ही खेळायचो,” ती पुढे म्हणाली. “बाल्कनीत बसायचं, दोघांच्या पुढ्यात खारवलेल्या तुर्मुसच्या दाण्यांच्या वाट्या. खाली जुनी, वेगळी गाडी ज्याला आधी दिसेल त्याने दुसऱ्याच्या वाटीतले दाणे घ्यायचे. बाबा दिवसभर ट्रामवर. एकदा घरी येऊन म्हणाले, पुढची दारं उलटी उघडणारी हिरवी फियाट दिसली. मी म्हटलं, खोटं, दाण्यांसाठी बनवून सांगताय. दिले नाहीत दाणे. नंतर ते गेले.” ती थांबली. “मागच्या महिन्यात हे वाण्यापुढे गाडीतून उतरले, तर दार उलटं उघडलं. तेव्हापासून मी बघते.”

हाज्जाच्या डोळ्यांपुढे बाल्कनीतली तुर्मुसची पिवळी सालं आली. नवरा जिवंत असताना ती दोघांच्या नावाने बोटं मोडत ती सालं झाडायची. तो गेल्यावरही रोज सकाळी तिथे सालं असत आणि ती झाडतच होती. एकटी पोरगी कुणाशी खेळते, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

“म्हणजे आमचा मुलगा ड्रायव्हर झाला,” तफीदा मावशी उठली. सोफाही थोडा उठला. “चल रे. गाडीला मागणी आली तर कळवतील.”

हिल्मीने पुडा जपून टेबलावर ठेवला. तो रागावला नव्हता. तोंडावर दार लावून घेतलं जाण्याची सवय त्याच्या चेहऱ्यावर होती.

“मला वाटलं होतंच, थोडंसं,” तो म्हणाला. “लोक दार उघडतात आणि मीटरकडे बोट दाखवतात. माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. त्यांची चूक नाही. गाडी मामांची. मला वाटलं, मी आत बसलेलाच आहे, तर त्यातलं थोडं आपल्याही वाट्याला येत असेल.”

इब्तिहालने पदराशी चाळा करावा तसा ओढणीचा काठ बोटाला गुंडाळला. मग ती खिडकीकडे गेली आणि पाठ करून उभी राहिली. खाली गाडी होती.

हिल्मी उंबऱ्यापाशी गेला. बाहेर पाऊल टाकलं आणि तिथेच थांबला.

“अन्फूशीच्या किनाऱ्यावर होड्या बनवतात ना,” तो जिन्याकडे बघतच म्हणाला, “त्याच्या मागच्या आवारात एक काळी सित्रोएन गाडी आहे. लांब नाकाची. आत कोंबड्या राहतात. रस्त्यावरून दिसत नाही. मीटर तिच्या पलीकडच्या भिंतीला आहे, म्हणून मला ठाऊक.”

इब्तिहाल वळली.

“चाकं आहेत?”

“तीन. चौथ्याच्या टायरात कोंबड्यावाल्या बाईने पुदिना लावलाय.”

“बनवून सांगताय.”

“मी कशाला बनवू?”

“स्वतः बघितल्याशिवाय मी दाणे देत नाही,” ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या टकलाकडे, कानांकडे, घाम आलेल्या कपाळाकडे. जणू हा माणूस आत्ताच खोलीत आला होता.

हाज्जाने ते पाहिलं. तिला वाचता येत नसलं तरी एवढं वाचता येत होतं.

जिन्यातून मावशीने हाक मारली, तसा हिल्मी मान खाली घालून उतरला. हाज्जा बाल्कनीत आली. समोर उम्म इमाद उभी, तिच्यावरच्या बाल्कनीत आणखी दोघी, आणि वाणी वजनं सोडून सरळ वर बघत होता. खाली हिल्मीने मावशीसाठी ते उलटं दार उघडलं. मावशी कुरकुरत आत बसली.

हाज्जाने वळून पाहिलं. इब्तिहाल बाल्कनीत आली नव्हती. गाडी निघायच्या बेतात होती, आणि ती आत, त्याने न प्यायलेला सरबताचा पेला हातात धरून, दाराकडे बघत उभी होती.

“हिल्मी,” हाज्जाने वरून हाक दिली.

त्याने गाडीच्या खिडकीतून डोकं काढून वर पाहिलं. मार खायची तयारी असल्यासारखं.

“माझ्या मुलीने आजवर तुमच्याकडे एकदाही बघितलेलं नाही. हे तुम्हीही ऐका आणि ज्यांना काम नाही त्यांनीही ऐका.” तिने कठड्यावर हात टेकले. “तेव्हा उद्या या. गाडी घरी ठेवा आणि चालत या. बघू ती कुणाकडे बघते.”