पोटरीवरचं वर्तुळ

"मलमं राहू देत, आधी पोरीची नखं काप," सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या.

"डास चावलाय, आई, मांजराने नाही ओरबाडलं," म्हणून सुनेने विषय तिथेच मिटवला. एवढी शिकलेली बाई, आणि हिला नखं कापायला सांगतात!

तिने सगळं वाचून ठेवलं होतं. डास चावून सूज आली की तिच्या कडेने पेनाने वर्तुळ काढायचं. लाली आत राहिली तर थंड पट्टी पुरे. बाहेर सरकली तर थेट डॉक्टर. चार वर्षांच्या लेकीच्या, म्हणजे भिंगरीच्या, पोटरीवर तिने सकाळी निळं वर्तुळ काढलं, घरून काम करणाऱ्या नवऱ्याला "लक्ष ठेव रे" असं दारातून पुन्हा पुन्हा बजावलं आणि कामावर गेली.

संध्याकाळी येऊन बघते तर लाली चहूबाजूंनी वर्तुळाबाहेर! चपला घालेपर्यंत तिने मनातल्या मनात पोरीला सलाईनसुद्धा लावून टाकलं. नवरा काहीतरी सांगू बघत होता.

"तू आधी कुलूप लाव!"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "इतकं सुबक वर्तुळ? कंपास वापरलात की काय?"

"नाही हो, हातानेच..." ती थांबली. तिचं वर्तुळ तर बटाट्यासारखं होतं.

"ते बाबांचंय," भिंगरी म्हणाली. "आईचं आंघोळीत गेलं."

नवऱ्याचं काम इमारतींचे आराखडे काढायचं. "बाटलीचं झाकण ठेवून परत काढलं," तो पुटपुटला. "तुझं फारच वाकडं होतं गं."

"वाकडं होतं, पण सुजेच्या मापाचं होतं! तुझ्या घरांत माणसं मावतात तरी कशी?"

"भांडण घरी जाऊन करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी पोटरी दिव्याखाली धरली. सुजेच्या मधोमध कातडी सोलली होती, पाणी पाझरत होतं. "सूज डासाची, ती उतरेल. ही जखम मात्र खाजवून झालीय. आणखी थांबला असतात तर पिकली असती. साबणाने हलकेच धुवा, थंड पट्टी ठेवा, खाजेचं औषध लिहून देते. ताप आला, पू झाला, लाली वाढली तर लगेच या. आणि मुख्य म्हणजे..."

"नखं," ती स्वतःच म्हणाली, पडेल आवाजात.

घरी पोचते तोच फोन.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"थंड पट्टी. औषध."

"आणि?"

"...आणि नखं."

सासूबाईंनी "बरं" एवढं म्हणून फोन ठेवला. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

आता ती भेटेल त्या आईबापाला धरून सांगते, तुम्हालाही सांगेल: डास चावलेलं तुमचं पोर बराच वेळ कोपऱ्यात गुपचूप बसलंय का? मग हे वाचणं राहू द्या. उठा, आणि त्याचे हात कुठे आहेत ते आधी बघून या.