न नासणारं दूध

लालबागच्या त्या चाळीच्या चौकात सकाळीच ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात रिकामी किटली आणि डोळे टेबलावरच्या दोन पेल्यांवर. एकात पिशवीचं दूध: फाटलेलं, पिवळं पाणी सुटलेलं, पुढची रांग नाक धरून उभी. दुसऱ्यात गोरसबाबांचं दूध. त्याच दिवशी, त्याच उकाड्यात ठेवलेलं, तरी पांढरंशुभ्र.

"बोला, कुजतं कोण?" बाबांनी हात उंचावला. "जिवंत की मेलेलं?"

"मेलेलं!"

"सरकार काय करतं? दुधाला यंत्रात घालून तापवतं, मारतं, पिशवीत भरतं. तुम्ही प्रेताचा चहा पिता! माझं दूध जिवंत. घरी तापवलंत, तर गोमातेचा शाप!"

शाप फुकट होता. दुधाचा भाव मात्र पिशवीच्या दुप्पट. अमर वस्तू, जरा महाग पडायचीच.

चाळीतल्या जाईबाईंनी बाबांसाठी भांडणही ओढवून घेतलं होतं. मागच्या आठवड्यात अन्नतपासणीची अधिकारीण आली, परवाना मागू लागली, दुधाचा नमुना हवा म्हणाली. "माझ्या गायीवर हात टाकतंस गो?" म्हणत जाईबाई आडव्या झाल्या. मागे चाळ उभी राहिली. ती बाई नमुना न घेताच परत गेली, आणि बाबांनी जाईबाईंच्या गळ्यात हार घातला.

तो हार अजून खुंटीवर होता, आणि नात मनवा इस्पितळात.

पोरीला उलट्या, पोटात कळा. बाबा म्हणाले, "पिशवीचं विष बाहेर पडतंय. पाजत राहा." जाईबाई पाजत राहिल्या. शेवटी सुनेने, दर्शनाने, पोरीला उचलून टॅक्सीत घातलं. आता सलाइन काढली होती. डॉक्टरांनी सांगितलं, मऊ भात आणि ताजं दही द्या.

"दही मी लावतंय," जाईबाई म्हणाल्या. "बाबांच्याच दुधाचा."

दर्शना पोरीचे कपडे घेऊन इस्पितळात निघून गेली.

रात्री त्यांनी बाबांच्या दुधात विरजण घातलं. सासूच्या हातापासून चालत आलेलं विरजण. दिवाळीच्या थंडीतही कधी दगा दिला नव्हता. सकाळी झाकण काढलं, तर दूध जसंच्या तसं. पळी फिरवली. पाणीच. लोकांना हा दुसरा चमत्कार वाटला असता. पण जन्मभर दही लावलेल्या बाईला कळलं: खोट विरजणात नाही, दुधातच आहे.

वाटी घेऊन त्या थेट वरच्या मजल्यावर गेल्या. तिथे सुमेधा राहायची, शाळेत विज्ञान शिकवायची.

"बाई, ह्या लागूक नाय."

सुमेधाने वास घेतला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"जाईबाई, दही कोण लावतं? विरजणातले जिवंत जंतू. ते दूध आंबवतात. उघडं ठेवूनही जे दूध नासत नाही, त्यात तेही जगत नाहीत. तुमच्या 'जिवंत' दुधाने विरजणाचा मुडदा पाडलाय."

"म्हंजे... मी मनवाक..."

"शाळेतून एक बाटली घेऊन येते. मग चला चौकात."

बाबांचं 'कुजतं कोण' रंगात आलं होतं. सुमेधाने परीक्षानळीत त्यांचं दूध ओतलं आणि शाळेतून आणलेलं तीव्र आम्ल कडेकडेने सोडलं. दोहोंच्या सांध्यावर जांभळं कडं उमटलं.

"दैवी तेज!" कुणीतरी हात जोडले.

"फॉर्मेलिन! हे कडं त्याचंच!" सुमेधा कडाडली. "आमच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक यातच बुडवलाय. तोही कुजत नाही. त्याला अमर म्हणायचं? हे उकळूनही जात नाही. बाबा, घ्या तो पेला. सगळ्यांसमोर, पूर्ण."

"आज माझा उपास आहे, बेटी."

"उपासाला दूध चालतं की रे!" मागून कुणीतरी म्हणालं. हसू फुटलं, मग एकदम थांबलं. जाईबाई पुढे आल्या होत्या. त्यांनी वाटी बाबांच्या तोंडाशी धरली.

"पी. माझ्या नातीन प्यायला. तू पी."

बाबा मागे सरकले. दुधाचे कॅन उचलायला धावलेल्या त्यांच्या माणसांना बायकांनी तिथेच बसवलं. जाईबाईंनी सुमेधाला सांगितलं, "त्या तपासणीवाल्या बाईंका फोन लाव. मी बोलवलंय म्हणून सांग. आता मीच नमुना काढून देतंय."

संध्याकाळी अधिकारीण कॅनना सील ठोकून गेली. जाताना रागावली नाही. जाईबाईंना तेच जड गेलं. घरी येऊन त्यांनी हार कचऱ्यात टाकला, शेजारून चमचाभर विरजण मागून आणलं आणि पिशवीच्या 'मेलेल्या' दुधात घातलं. सकाळी घट्ट दही लागलं. दर्शना डबा घ्यायला आली.

"मी येऊ?" जाईबाईंनी विचारलं.

"चला. पण मनवाला विचारू द्या, आजीने काय पाजलं ते. उत्तर तुम्ही द्यायचं."

जाईबाईंनी मान हलवली आणि डबा उचलला.

गोठा डोळ्यांसमोर असेल, तर गाय आजारी आहे का, दूध काढायची कासंडी धुतली का, हे आपण पाहू शकतो. या शहरात गाय कुणी पाहिलीय? म्हणून दूध ठरावीक उष्णतेला तापवून जंतू मारायचे, लगेच गार करायचं, तपासायचं, असा नियम आहे. दूध टिकवायचा तो सरळ रस्ता. दुसरा रस्ता बाटलीतल्या विषाचा. त्याच्या तोंडाशी नेहमी कुणीतरी बाबा बसलेला असतो. पिशवीवरही संशय घ्या, खुशाल घ्या, तपासायला लावा. पण तपासणाऱ्याला हाकलून तपासणीला घाबरणाऱ्याच्या पाया पडू नका. खरं दूध नासतं. न नासणाऱ्या दुधाला हात जोडण्याआधी विचारा: यात काय मेलंय?