गौरम्माची जागा

बोरटेकडीच्या अंगणवाडीत मदतनीस गौरम्मा तीन वर्षं एकाच जागी बसून होती आणि त्याबद्दल तिचं नाव गावात चांगलंच गाजलं होतं. कडुलिंबाखाली तिची बैठक. तिथंच ती तांदूळ निवडायची, तिथंच पोरांची नाकं पुसायची आणि तिथूनच सेविकाबाईंना "खिचडीत मीठ बघा हो" म्हणून हाळी द्यायची. यातली मदतनीस कोण आणि सेविका कोण, असा प्रश्न नवख्याला पडावा. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या उमाशंकर साहेबांनी तर भेटीच्या वहीत सरळ लिहून टाकलं: 'मदतनीस जागची हलत नाही. कामात सुधारणा आवश्यक.' ते वाचून गौरम्मा दोन दिवस नीट जेवली नव्हती.

ती कशावर बसते, हे मात्र साहेबांनी विचारलं नाही. खाली जमिनीतला पाण्याचा हौद होता, पुरुषभर खोल. त्याचं झाकण गंजून गेलं तेव्हा कुणीतरी जुन्या दाराची फळी तोंडावर टाकली. फळी भक्कम होती, पण वर कुणी नसलं की पोरं ती ढकलायची. हौदात मोठ्ठा मासा आहे, अशी त्यांच्याकडे पक्की खबर होती. एकदा कमरेपर्यंत आत वाकलेल्या पोराला गौरम्मानं चड्डीला धरून मागं ओढलं, आणि त्या दिवसापासून तीच फळीवर बसली. झाकणासाठी तिनं चार अर्ज केले. 'प्रस्ताव वर पाठवला आहे' असं चारही वेळा उत्तर आलं.

आता महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती. तिच्या जागी येणारी शरणम्मा चपळ होती, कामसू होती, आणि गौरम्माला धास्ती होती ती नेमकी याचीच. ती बाई एका जागी बसणारी नव्हती.

अशात नांदेडच्या एका संस्थेनं अंगणवाडीतच कार्यशाळा ठेवली. 'बालसुरक्षा: चला, मिळून उपाय शोधू.' मंजुश्री मॅडम चार्ट, रंगीत चिठ्ठ्या, स्केचपेन असं सगळं घेऊन आल्या. मतदानाला लागणारे गोल स्टिकर तेवढे नांदेडातच राहिले. मग अंगणवाडीच्या समितीचे अध्यक्ष चन्नबसप्पा यांनी आपल्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं मागवली. माणशी तीन टिकल्या. जो उपाय पटेल त्याच्या चिठ्ठीवर चिकटवायच्या.

"आधी सगळे उभे राहा, गोल करा, टाळ्या वाजवा!" मॅडम म्हणाल्या.

"मी बसूनच वाजविते," गौरम्मा म्हणाली.

"आजी, सहभाग महत्त्वाचा."

"सहभाग हाय की. ह्यो बघा." आणि तिनं सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.

उपाय धडाधड निघाले. चन्नबसप्पांनी कॅमेरे सुचवले, कॉलेजात शिकणाऱ्या सुकन्यानं मोबाइलवर ॲप सुचवलं. कुणी भोंगा म्हणालं, कुणी शिट्टी. गौरम्मानं आपल्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिलं: 'हौदाला झाकण.' मतदान झालं. ॲपवर टिकल्यांचा नुसता सडा पडला, कॅमेरेही लाल होऊन गेले. झाकणाला तीन टिकल्या, तिन्ही गौरम्माच्याच.

"हौदाचं काय घेऊन बसलाव?" चन्नबसप्पा हसले. "तिथं तुम्ही हाव की!"

सगळे हसले. गौरम्माही हसली, पण तिला आतून रडू येत होतं. तीन वर्षं तिनं धोका इतका नीट झाकला होता की गावाला तो दिसेनासाच झाला होता. आपण बसलो तेच चुकलं, असं तिला वाटलं. आणि मग तिच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली. ती चमक चतुराबाईनं, तिच्या शेजारणीनं, बरोबर ओळखली.

"काय चाललंय मनात?"

"काय न्हाई. एक खुर्ची आण. आणि सतरंजी."

समारोपाला उमाशंकर साहेब येणार होते. अंगणात ऊन रखरखत होतं, सावली तेवढी कडुलिंबाखाली. साहेबांची जीप फाटकाशी थांबली तशी गौरम्मा उठली. फळीवर सतरंजी, सतरंजीवर खुर्ची, आणि वर अगदी गोड आवाज.

"या साहेब, सावलीत बसा. मानाची जागा हाय."

साहेब बसले. गौरम्मा अंगणभर फिरली. तिनं चहा वाटला, चार्ट बघितले, मॅडमबरोबर टाळ्यांचा खेळही खेळून घेतला. गौरम्मा चालते हे बघून दोन बायका तर तोंडाला पदर लावून बघतच राहिल्या. नजर मात्र तिची खुर्चीवरच होती, आणि भाषणाची वेळ होताच ती परत खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"साहेब, उठू नका," ती म्हणाली. "बसूनच बोला."

"असं कसं? उभं राहूनच बोलायला पाहिजे." साहेब उठले आणि माइककडे दोन पावलं गेले.

त्या जागेवरून कुणीतरी उठावं याची पोरं तीन वर्षं वाट बघत होती. डोळ्याचं पातं लवायच्या आत खुर्ची बाजूला, सतरंजी गोळा, फळी सरकलेली. साडेचार वर्षांची शिवानी पालथी पडून आत डोकावत होती.

"अम्मा, मासा कुठंय?"

गौरम्माच्या हातात तिचा फ्रॉक आधीच होता. तिनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. हौदातलं काळं पाणी सगळ्यांना दिसलं. हसणारी तोंडं मिटली. चन्नबसप्पांची नात शिवानी; त्यांनी धावत येऊन तिला गौरम्माच्या कडेवरून घेतलं.

साहेबांनी स्वतः फळी परत हौदावर सरकवली आणि खुर्ची न घेता तिच्यावर बसले. घाम पुसत म्हणाले, "मी लगेच प्रस्ताव..."

"पाठवा की," गौरम्मा म्हणाली. "मी अडवीत न्हाई. पण तो येईस्तोवर बसायचं कुणी? मी तीन वरसं बसले. महिनाअखेरीला मी चालले."

साहेब उठायला गेले आणि भोवती उभ्या पोरांकडे बघून परत बसले. आता मात्र लोकांना हसू आवरेना. पालक म्हणून आलेल्या रियाजचं जळकोटला ग्रिल-वेल्डिंगचं दुकान होतं. त्यानं हौदाच्या तोंडाचं माप घेतलं.

"बिजागरी, कडी, कुलूप, सगळं लावून आणतो. साहेब, तुम्ही तेवढं हलू नका."

साहेब हलले नाहीत. जेवण तिथंच झालं, फोन तिथूनच झाले. पोरांनी मासा केवढा आहे ते त्यांना हात पसरून दाखवलं. ऊन उतरल्यावर झाकण आलं, बसलं, कुलूप लागलं. तेव्हा कुठं साहेबांनी अवघडलेले पाय सरळ केले आणि भेटीची वही मागवली. पान उलटताना गेल्या वर्षीचा स्वतःचाच शेरा समोर आला.

"मावशी," त्यांनी हळूच विचारलं, "आता काय लिहू?"

गौरम्मानं कुलूप ओढून बघितलं, किल्ली कमरेला खोचली.

"खरं तेच लिहा, साहेब. आज तुम्ही पण जागचे हलला न्हाईत."