डावीकडे वळताना हॉर्न

काकांनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली, आणि गॅरेजमधल्या पेंटरनं पत्रा ठोकून, रंग मारून ती अशी चकचकीत करून दिली की काका तिच्यात बघून भांग पाडायला लागले. पण नुसतं रूप घेऊन काय चाटायचंय? दुसऱ्या दिवशी सकाळी काकू लायसन्सच्या परीक्षेला निघाल्या आणि गाडीनं एकेक गुण उधळायला सुरुवात केली; पेंटरनं सोडवलेल्या वायरी भलत्याच जागी जोडल्या होत्या. डावीकडचा सिग्नल दिला की हॉर्न बोंबलायचा. काकूंच्या काचेचं बटण दाबलं की मागची काच खाली, मागचं दाबलं की काकूंची. रिव्हर्स टाकला की कोरड्या काचेवर वायपर नाचायला लागायचा!

काकांनी पेंटरला फोन लावला. तो म्हणतो, "ते सोडा हो, रंग कसा झालाय?"

"आजचं रद्द करू या," काका फोन ठेवत म्हणाले.

याआधी दोनदा काकू नापास झाल्या होत्या. दोन्ही वेळा मागे बसलेले काका "ब्रेक! ब्रेक!" असे ओरडले, आणि काकूंनी दचकून गाडीच बंद पाडली. काकू घरी केक करायच्या. आता एका कॅफेनं रोजची ऑर्डर देऊ केली होती, पण केक पोचवायचे स्वतः, आणि काका तर सकाळीच कामावर जायचे. पुढची तारीख कधी मिळेल देव जाणे, कॅफे तोवर थोडाच थांबणार?

"रद्दबिद्द काही नाही," काकू म्हणाल्या. "अहो, आपला ओव्हन आठवा की!"

ओव्हनची बटणं दुरुस्तीवाल्यानं उलटीपालटी बसवली होती. तेव्हापासून काकू वरच्या आचेसाठी खालचं बटण फिरवायच्या, आणि एकही केक करपला नव्हता. त्यांनी केकच्या खोक्यांवर लावायच्या चिठ्ठ्या आणल्या आणि गाडीत चिकटवल्या. 'माझी काच.' 'ह्यांची काच.' 'हात लावू नये, बोंबलतो.'

परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले आणि चिठ्ठ्यांकडे बघतच राहिले. काकूंनी गाडीचे सगळे प्रताप सांगून टाकले.

"लोक नापास झाल्यावर गाडीला नावं ठेवतात," साहेब म्हणाले. "तुम्ही आधीच सांगताय. मग सिग्नल कसा देणार?"

"हातानं."

काकूंनी 'माझी काच' चिठ्ठीचं बटण दाबून आपली काच उघडली, हात बाहेर काढून गोल फिरवला आणि झोकात डावीकडे वळल्या. मागच्या सीटवर नियमाप्रमाणे लायसन्सवाले म्हणून काका होतेच. समोर सायकल दिसताच त्यांनी "ब्रे—" म्हणायला तोंड उघडलं. काकूंनी 'ह्यांची काच'चं बटण दाबलं. गार वाऱ्याचा झोत थेट तोंडात! काका खोकत बसले, आणि काकूंनी शांतपणे ब्रेक लावला. रिव्हर्सला वायपर नाचला, तेव्हा मात्र साहेबांनाही हसू आवरेना.

"पास," ते म्हणाले. "आता आधी गॅरेज गाठा. तुम्हीच चालवत न्या."

काकूंना इतका आनंद झाला की त्या चक्क रडल्या.

गॅरेजात पेंटर ओशाळून पुढे आला. "काकू, सगळं सरळ करून देतो."

"हॉर्न कर, वायपर कर, माझी काच कर," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या काचेचं तेवढं असू दे."

काका काही बोलणार होते. त्यांनी एकदा काचेकडे पाहिलं, आणि खिशातला रुमाल काढून तोंडावर धरला.