चाळीस पावलं पुढचा थांबा

बसथांब्याच्या खांबावर नोटीस लागली होती: प्रवासी नसल्यामुळे हा थांबा सोमवारपासून बंद.

तोफेचं डोकंच सणकलं. घरीदारी सगळे तिला तोफच म्हणत, कारण तोंडाला लगाम म्हणून नव्हता. आईचा गुडघा दुखरा, आणि पुढच्या थांब्यापर्यंत हा एवढा चढ!

"प्रवासी नाहीत? मग रोज माझ्या पायावर पाय देतात ती काय भुतं?" ती घरी येऊन कडाडली.

बाबा त्याच मार्गावरचे ड्रायव्हर. ते म्हणाले, "अगं, खांबापाशी रस्ता खचलाय. आम्ही सगळे बस चाळीस पावलं पुढे, शिंप्याच्या दुकानापाशीच उभी करतो ना?"

तोफ टुणकन उडाली. गेल्या आठवड्यात प्रवासी मोजायला आलेली माणसं तिने पाहिली होती; ती तीन दिवस इमानेइतबारे त्या रिकाम्या खांबाखालीच बसली होती!

संध्याकाळी ती बाबांना ओढतच परिवहन कार्यालयात घेऊन गेली. थांबे ठरवणाऱ्या नियोजनाच्या बाईंसमोर तिने सगळं धडाधड सांगून टाकलं. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"बस पुढे थांबते? हे नियमात बसत नाही. कोण थांबवतं?"

आणि तोफ गप्प. जन्मात पहिल्यांदा. आता काय बाबांनाच गोत्यात आणायचं?

"मी थांबवतो," बाबाच म्हणाले. "खड्ड्यामुळे बस कडेला लागत नाही. म्हाताऱ्यांनी चढायचं कसं? रस्त्यासाठी तीन अर्ज दिलेत मी."

"मेमो मिळेल तुम्हाला."

"मिळू दे, बाई. पण माणसं नीट मोजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः हजर! शिंप्याने स्टूल दिलं. बाई कागदावर रेघा ओढत होत्या आणि तोफ शेजारी उभी राहून मोजत होती, तेही गल्लीला ऐकू जाईल असं.

"हळू गं पोरी, सुई बोटात घुसेल माझ्या!" शिंपी ओरडला.

तासाभरात एकसष्ट माणसं. बाईंनी नोटीस स्वतःच्या हाताने फाडली आणि खांब शिंप्याच्या दुकानापाशी हलवायचा हुकूम दिला.

मेमोही आला, न चुकता. बाबांनी त्यावर अशी ठसठशीत सही ठोकली, की बघत राहावं. आणि तोफेने शाळेत पाऊल टाकताच फाटकापासूनच आरोळी दिली, "ए, ऐका रे सगळे! माझ्या बाबांना मेमो मिळालाय!"